पॉलिश बिघडेल कसं, हे आधी पाहावं

रंग चढवलेल्या लाकडावर शेवटचा हात कशाचा द्यायचा, हा प्रश्न मुंबईत काय किंवा रत्नागिरीत काय, बहुतेक वेळा रंगाच्या दुकानात काउंटरवरच निकालात निघतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘पाणी लागलं तर चालेल ना?’ दुकानदार सांगतो, ‘पीयू न्या, एकदम वॉटरप्रूफ.’ दोघांचंही तसं काही चुकत नाही, पण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. पॉलिशच्या कामात वावरलेल्या माणसाला हळूहळू उमगतं, की ओल कायमची अडवणारं पॉलिश बाजारात मिळत नाही. जे मिळतं ते ओलीला उशीर करतं, कोणी थोडा, कोणी बराच. एकदा हे मान्य केलं की निवडीची कसोटीच बदलते. नवं कोरं असताना पॉलिश किती झळकतं याला फारसा अर्थ उरत नाही. चार-पाच पावसाळे झेलून ते हरेल तेव्हा कसं हरेल, आणि त्या वेळी खालच्या रंगाचं काय होईल, हे पाहावं लागतं. साध्या, बिनरंगाच्या लाकडावर पॉलिश बिघडलं तर नुकसान एका थराचं. रंगवलेल्या, म्हणजे स्टेन दिलेल्या, लाकडावर ते दोन थरांचं असतं, आणि दुसरा थर परत जसाच्या तसा आणणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

आधी ओलीचा हिशेब. कापलेलं, वाळवलेलं लाकूडही भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण चालू ठेवतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, म्हणजे कोकणातला जुलै आला, की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं. सागवान या बाबतीत गुणी लाकूड मानलं जातं आणि ते आहेही. तरी फूटभर रुंदीची, वर्तुळांना स्पर्श करत कापलेली सागाची फळी १० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेली तर रुंदीत जवळजवळ ४ मिलिमीटर वाढते. लांबीत मात्र नावापुरतीच. ऑगस्टमध्ये चौकटीत अडकणारं दार एप्रिलमध्ये खुळखुळतं ते याचमुळे. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे चार हवामान-पट्टे करून प्रत्येक पट्ट्यात लाकडात किती ओल चालेल हे वेगवेगळं सांगितलं आहे, त्यामागेही हेच कारण. नागपूरला वाळवलेली फळी आणि अलिबागला बसवलेली फळी एका मापाची राहत नाही, मग वर कुठल्याही कंपनीचा डबा ओता.

या देवाणघेवाणीवर पॉलिशचा किती परिणाम होतो, हे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने मोजून ठेवलं आहे. ही सरकारी प्रयोगशाळा १९१० पासून लाकडावर काम करते. तिथे पाइनचे तुकडे कोरड्या हवेतून काढून २७ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवले, आणि पॉलिश न केलेल्या तुकड्याच्या तुलनेत प्रत्येकाने किती कमी ओल घेतली हे एका दिवसाने, सात दिवसांनी आणि चौदा दिवसांनी वजन करून पाहिलं. २७ अंश आणि ९० टक्के! म्हणजे त्यांची ती खास बनवलेली खोली आपल्याकडे जून ते सप्टेंबर फुकट मिळते. निकाल अनेकांना पटत नाहीत. जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेला तुकडा चौदा दिवसांनी जवळपास उघड्या लाकडासारखाच झाला होता. एका डब्यातलं पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, वार्निश मधेच कुठेतरी होतं. आणि ज्याला आपण नाजूक, जुन्या काळचं म्हणून बाजूला टाकतो ते लाखेचं पॉलिश, म्हणजे शेलॅक, बाष्प अडवण्यात त्या वार्निशाच्या पुढे निघालं. सर्वांत वरचढ ठरलं ते वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून काढलेलं लाकूड. तसं कपाट करून बघा म्हणावं कोणाला! पण या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसांची. पहिल्या दिवशीचा फरक चौदाव्या दिवशी बराच ओसरलेला असतो, आणि आपला पावसाळा चौदा दिवसांचा नसतो. चार महिन्यांत कुठलंही पातळ पारदर्शक पॉलिश हवेतल्या बाष्पापुढे बरीचशी माघार घेतं. त्याचा खरा उपयोग चढउतार मंद करण्यात आहे. लाकूड हळू फुगलं, हळू आकसलं, तर जोड सुटत नाहीत आणि फळी पिळवटत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवला नाही तर सगळी निवड चुकते. बाष्प वेगळं आणि पाणी वेगळं. सांडलेला चहा, ओल्या ग्लासाचं कडं, बाथरूमच्या दारावर उडणारे शिंतोडे हे झालं पाणी. ते पीयू उत्तम अडवतं आणि लाख अजिबात नीट अडवत नाही. ओला ग्लास तासभर ठेवला की लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं, साबणाचं पाणी लागलं की ती विरघळायला लागते, आणि गरम भांडं ठेवलं तर चिकटते. उलट बाष्पाच्या बाबतीत लाख सरस. म्हणजे ‘ओलीला टिकणारं पॉलिश’ म्हणताना आपण दोन वेगवेगळ्या शत्रूंविषयी एकाच दमात बोलत असतो.

आता रंगाकडे येऊ. स्टेन दोन जातींचा असतो. एक डाय, जो स्पिरिटात, पाण्यात किंवा थिनरमध्ये पूर्ण विरघळतो आणि लाकडाच्या तंतूंना रंगवतो. दुसरा पिगमेंटचा, ज्यात बारीक पूड असते. ती विरघळत नाही, रंध्रांत आणि काचपेपरच्या चऱ्यांत जाऊन बसते आणि तिथे तिला धरून ठेवायला थोडं तेल किंवा राळ लागते. सागाचा रंगवलेला तुकडा आडवा कापून भिंगाखाली धरला तर हे सहज दिसतं. वर एक केसाइतकी गडद रेघ, रंध्रांच्या तोंडाशी थोडी खोल उतरलेली, आणि तिच्याखाली लगेच मूळचं पिवळसर लाकूड. आपण ज्याला ‘वॉलनट कलर’ म्हणून पैसे मोजतो तो एवढाच. त्यामुळे वरच्या थराला भेग पडली, पापुद्रा सुटला आणि पॉलिशवाल्याने तो घासून काढायला घेतला, की पेपरच्या चार फेऱ्यांत रंगही निघून जातो. मग तेवढ्याच जागी पुन्हा स्टेन लावायचा. पण आजूबाजूचं लाकूड जुन्या पॉलिशने सील झालेलं आणि मधलं उघडं, त्यामुळे नवा रंग कडेला गडद होतो आणि ठिगळ उठून दिसतं. व्हीनियरवर तर घासण्याचीही चैन परवडत नाही. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, जरा हात जड पडला की खालचा प्लाय डोकावतो. म्हणून रंगवलेल्या लाकडासाठी माझा पहिला निकष दुरुस्ती. बिघडलेला वरचा थर रंगाला धक्का न लावता काढता किंवा वाढवता येईल का?

यावर पीयूवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे : पीयू बिघडतच नाही, मग दुरुस्तीचा विचार कशाला? दोन डब्यांचं पीयू, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून मारायचं, खरोखर कणखर असतं. पाणी, स्पिरिट, गरम कप, पोरांची खेळणी, सगळं सोसतं. एसी लावलेल्या फ्लॅटमध्ये, प्लायवर चिकटवलेल्या व्हीनियरला, जेवणाच्या टेबलाला मीही तेच निवडतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसं हलत नाही, आणि न हलणाऱ्या पाठीवर कडक कातडी छान बसते. पण तोच आक्षेप भरीव लाकडाच्या दाराला लावला की कोसळतो. तिथे फळी ऋतूप्रमाणे हलत राहते, सांध्याशी कडक थराला बारीक चीर जाते, आणि त्या चिरेतून पाणी आत शिरतं. आत गेलेलं पाणी त्याच घट्ट थरामुळे बाहेर यायला वेळ लावतं. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरका फुगवटा येतो आणि नखाने ओढला तर पातळ प्लॅस्टिकसारखा पापुद्रा हातात येतो. कधी रंगासकट. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होत नाही, तो फक्त घासलेल्या खरखरीला धरून बसतो, म्हणून डागडुजी दिसल्याशिवाय राहत नाही. शिवाय हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशीच रासायनिक क्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. भर पावसात जाड हात मारला की थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात ते त्यामुळे. आणि हेच आयसोसायनेट फवाऱ्यातून फुप्फुसात गेलं की दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. पॉलिशवाल्या पोरांना नीट मास्क देणं हा मजुरीच्या हिशेबातलाच एक आकडा धरायला हवा.

मेलामाइन पॉलिशबद्दल थोडक्यात. ते स्वस्त, झटपट, घरातल्या कपाटांना चांगलं, पण ठिसूळ. त्याचा हार्डनर आम्लाचा असतो, आणि काही डाय त्या आम्लाने छटा बदलतात. मारताना फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांत पाणी आणतो. बाहेरच्या दाराला ते लावणं म्हणजे पैसे आणि कष्ट दोन्ही वाया.

लाखेवर मात्र थांबायला हवं, कारण तिच्याविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. लाख हा आपल्याच देशातला माल. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर एक बारीक किडा तिचा थर घालतो, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून संस्था आहे. चपडा लाख, चंद्रस आणि स्पिरिट यांचं पॉलिश आपल्याकडच्या जुन्या शिसवी कपाटांवर आणि झोपाळ्यांवर अजून दिसतं. जुनी मंडळी म्हणतात, ‘आमच्या आजोबांच्या वेळचं पॉलिश बघा.’ ते तसं टिकलं याला एक कारण म्हणजे दर काही वर्षांनी त्यावर पुन्हा हात फिरवला जात होता. लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून मिसळतो, रंगाला धक्का लागत नाही. दुरुस्तीच्या निकषावर तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण ओला ग्लास ठेवायच्या टेबलावर ती उघडी ठेवणं हा हट्ट झाला. माझ्या मते तिची योग्य जागा मधली आहे. आधी स्टेन, तो पूर्ण वाळल्यावर लाखेचा एक पातळ हात, आणि त्यावर गरजेप्रमाणे वार्निश किंवा पीयू. असं केल्याने रंग खाली कुलूपबंद होतो, बाष्पाला अडवणारा थर आत आणि पाण्याला अडवणारा थर बाहेर येतो. पुढे कधी वरचं पॉलिश घासावं लागलं तर पेपर रंगापर्यंत पोचायच्या आधी लाखेवर थांबतो, म्हणजे हात सांभाळून चालवला तर थांबतो. यात दोन पथ्यं आहेत. साध्या लाखेत पाचेक टक्के मेण असतं आणि पीयू त्यावर नीट धरत नाही, म्हणून मेण काढलेली लाख घ्यावी. आणि खाली स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय असेल तर लाखेचा पहिला हात बोळ्याने चोळू नये. स्पिरिट रंगाला पुन्हा जागं करतं, बोळा तो ओढतो आणि पट्टे उमटतात. फवारा मारावा, किंवा मुळात पाण्यात विरघळणारा डाय निवडावा. वरून पाण्यात चालणारं पॉलिश ब्रशने मारायचं असेल तर नेमकं उलटं, खाली पाण्यात विरघळणारा डाय नको. तेलाचा स्टेन अर्धवट वाळलेला असताना त्यावर पाण्याचं पॉलिश मारलं तर ते थेंबाथेंबाने गोळा होतं किंवा महिन्याभरात सुटतं. डब्यावर वाळण्याचे जे तास लिहिलेले असतात ते कोरड्या हवेचे असतात, श्रावणातले नव्हेत.

तेलाचे चाहते म्हणतील, मग जवस किंवा टंग तेलच का नको? नैसर्गिक आहे, पापुद्रा सुटण्याचा प्रश्न नाही, दुरुस्ती म्हणजे फडक्याने पुसणं. त्यांची दुरुस्तीची बाजू मला मान्य आहे. पण नुसतं जवसाचं तेल ओल जवळपास अडवत नाही हे वर आलंच, आणि कोकणच्या दमट हवेत ते बुरशीला खाद्य पुरवतं. आधी काळे ठिपके, मग अख्खी फळी मळकट. कोकणात आणि गोव्यात होड्यांना आणि घराच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडण्याची रीत होती. ते पाणी आणि कीड दोन्ही दूर ठेवतं, त्यातलं द्रव्य हवेत घट्ट होऊन राळेसारखं बसतं. पण ते स्वतःच इतकं काळं असतं की खालचा स्टेन कोणता होता हे विचारायची सोय राहत नाही, आणि हाताला लागलं तर कातडी सोलते. वाशांना ते ठीक आहे, देव्हाऱ्याला चालणार नाही. तेल लावायचंच असेल तर राळ मिसळलेलं, बुरशीनाशक घातलेलं बाहेरचं वुड ऑइल घ्यावं. आणि तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवस वाळताना उष्णता बाहेर टाकतं, घडीतल्या घडीत ती साठते आणि फडकं आपोआप पेटतं. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

घराबाहेरचं दार, गॅलरीतला झोपाळा, बंगल्याचं फाटक इथे पावसाइतकाच उन्हाचा प्रश्न असतो. पारदर्शक पॉलिशमधून अतिनील किरण आत जातात आणि लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन मोडतात. पॉलिश जागच्या जागी असतं, पण त्याने ज्याला धरलंय तेच भुसभुशीत होतं. मग पहिल्याच पावसात ते सुटतं आणि लोक म्हणतात पॉलिश खराब निघालं. डायचा रंग तर त्याही आधी उडतो. म्हणून बाहेरच्या कामाला डाय वापरूच नये असं मी म्हणेन. लोहाच्या लाल-तपकिरी पुडीचा, म्हणजे पिगमेंटचा बाहेरचा वुडस्टेन घ्यावा. ती पूड उन्हात उडत नाही आणि किरणांना अडवून खालच्या लाकडाला सावली देते. हा स्टेन जाड कातडी करत नाही, झिजत झिजत जातो, आणि झिजला की नुसतं धुऊन, हलका पेपर मारून, त्याच डब्याचा आणखी एक हात द्यायचा. इथे रंग आणि संरक्षण एकच थर असल्याने दुरुस्तीत ठिगळाचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच की ‘चमक नाही.’ ती खरी आहे. ज्याला पुढच्या दारावर आरशासारखी चमक हवी, त्याने दर दोन-तीन वर्षांनी सगळं दार खरवडण्याचा खर्चही धरावा. बोटीसाठीचं लवचीक, जास्त तेलाचं वार्निश थोडं अधिक चालतं, पण त्यालाही वेळच्या वेळी वरचा हात लागतोच. सागावर काही मारण्याआधी फडकं थिनरमध्ये भिजवून एकदा पुसून घ्यावं, कारण सागातली मूळची द्रव्यं तेलाच्या वार्निशला वाळू देत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही बोट चिकटतं.

यातलं काहीही केलं आणि कडा उघड्या ठेवल्या तर उपयोग शून्य. दाराचा दर्शनी भाग पाच हातांचा, आणि खालची कड मात्र कोरी, कारण दार बिजागरीवर चढलं की तिथे ब्रश पोचत नाही आणि कोणी वाकून बघतही नाही. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची उघडी तोंडं, त्यातून पाणी रुंद बाजूपेक्षा कितीतरी पटींनी वेगात चढतं. फरशी पुसताना रोज मिळणारं पाणी तिथूनच वर जातं. बाथरूमच्या दाराचा खालचा वीतभर भाग आधी काळा पडतो त्याचं कारण हेच. टेबलाची खालची बाजू कोरी ठेवली तर एक अंग जास्त ओल घेतं, दुसरं कमी, आणि फळी वाटीसारखी वळते. सहाही बाजूंना सारखे हात, टोकांना एक-दोन जादा, हे दार बसवण्याआधी करायचं असतं. कंत्राटदार याला ‘फुकटचं काम’ म्हणतो. लिटरला शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन भारी डबा घेणारं गिऱ्हाईक या कामाच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतं.

शेवटचा आक्षेप वेळेचा. गणपतीच्या आत हवं, दिवाळीच्या आत हवं, त्यामुळे ऑगस्टमध्येच पॉलिश चालू होतं. त्या हवेत थिनर किंवा स्पिरिट भरभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं, आणि गडद वॉलनटवर दुधाळ ढग पसरतो. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घालून तो ढग बऱ्याचदा उतरवता येतो, पण लाकडात आधीच शिरलेली ओल थिनर काढू शकत नाही. तीवरच थर चढवला की उन्हाळ्यात ती बाहेर यायला बघते. काम अडतच असेल तर पंखे लावून, सकाळी उशिरा, पातळ हात देऊन, निदान लाकडाची ओल मीटरने बघून सुरुवात करावी. जमलं तर दसऱ्यापर्यंत थांबावं.

जुन्या वस्तूवर नवा हात देताना खाली काय आहे हे आधी काढावं लागतं, आणि ते सोपं आहे. दिसणार नाही अशा जागी कापसाने स्पिरिट लावावं. चिकटलं तर लाख. नाही तर थिनर लावून पाहावं, मऊ पडलं तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, आणि मग पेपरशिवाय गत्यंतर नाही. पण खालचा स्टेन डायचा होता की पिगमेंटचा, कुठल्या छटेचा, मध्ये लाख होती की नाही, हे कापूस सांगत नाही. म्हणून ड्रॉवरच्या तळाला किंवा दाराच्या वरच्या कडेला, शेवटच्या हाताखाली, स्टेनचं नाव, सीलर, वरचं पॉलिश आणि महिना-वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावं. त्याच लाकडाच्या पट्टीवर सगळे थर देऊन केलेला नमुना घरात ठेवला तर आणखी बरं. पुढच्या पॉलिशवाल्याला छटा जुळवायला निदान काहीतरी हातात मिळतं.